हुलकावणी: निकोला काराबातिचची गोष्ट

[दृश्य: मंद गतीतली एक धाव. लाकडी फरशीवर घासणाऱ्या बुटांचा आवाज तेवढा ऐकू येतो.]

हँडबॉलमध्ये चेंडू हातात आला की खेळाडूला मिळतात तीन पावलं आणि तीन सेकंद. चौथं पाऊल पडलं की शिट्टी.

आता याच्याकडे बघा. पहिलं पाऊल उजवीकडे. खांदा उजवीकडे झुकलेला, चेंडूचा हात मागे ताणलेला. समोरचा बचावपटू साहजिकच तिकडे सरकतो. दुसरं पाऊल तिथेच रोवलं जातं आणि अख्खं धड डावीकडे वळतं. बचावपटूचा हात हवेत, आणि हा त्याच्या पलीकडे. तिसऱ्या पावलावर उडी.

ही हुलकावणी. कबड्डी बघणाऱ्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. फक्त इथे चढाई करणारा १ मीटर ९६ सेंटिमीटर उंच आहे, वजन शंभर किलोंच्या वर आहे, आणि समोर सहा जण भिंत करून उभे आहेत. हात धरणार, छातीनं अडवणार, ढकलणार. नियमांत यातलं सगळं बसत नाही.

या माणसाचं नाव निकोला काराबातिच. फ्रान्सचा खेळाडू. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, चार विश्वविजेतेपदं, चार युरोपीय विजेतेपदं. आकड्यांचं दडपण इथेच उतरवून ठेवू, कारण गोष्ट आकड्यांची नाही.

[दृश्य: जुने कौटुंबिक फोटो, नकाशा.]

जन्म ११ एप्रिल १९८४, निश शहरात. आज ते सर्बियात आहे, तेव्हा देश होता युगोस्लाव्हिया. आई सर्बियाची, पेशानं डॉक्टर. वडील ब्रँको क्रोएशियाचे आणि हँडबॉलचे नावाजलेले गोलरक्षक. पुढे नव्वदच्या दशकात ज्या दोन देशांत युद्ध पेटलं, ते दोन्ही देश या घरात एका टेबलावर जेवत होते. पण तोवर हे कुटुंब फ्रान्समध्ये आलेलं होतं. आधी स्ट्रासबूर्ग. तिथे १९८८ मध्ये धाकटा भाऊ लुका जन्मला. मग दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी, फ्रोंतिन्यान नावाच्या छोट्या गावात. वडील तिथे हँडबॉल शिकवायचे.

गोलरक्षकाचा मुलगा गोल मारणारा व्हावा, यात मला कायम गंमत वाटत आली आहे. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच गोलासमोर जो माणूस आयुष्यभर उभा राहिला, त्याला चेंडू फेकणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते चेंडू सुटायच्या आधी ओळखावं लागतं. खांदा कुठे उघडला, मनगट कुठे वळलं. असा माणूस घरात असेल तर मुलगा आपलं मनगट लपवायला लवकर शिकणार. हा माझा अंदाज. पण निकोलाची मनगटं नीट बघा. चेंडू कुठे जाणार, हे ती शेवटच्या क्षणापर्यंत सांगत नाहीत.

[दृश्य: हाताचा जवळून घेतलेला शॉट.]

बोटांवरचा तो पिवळसर चिकट थर बघा. ही राळ. हँडबॉलपटू बोटांना ती लावतात. पुरुषांचा चेंडू साधारण साठ सेंटिमीटर घेराचा, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. राळ असेल तरच तो एका हातात असा घट्ट बसतो आणि फेकल्याचा आव आणून परत ओढून घेता येतो. सामना संपला की ती सहज धुतली जात नाही. दारांच्या मुठींना लागते, पाण्याच्या बाटल्यांना लागते. म्हणून कितीतरी सभागृहांचे व्यवस्थापक या खेळावर खार खाऊन असतात.

मुलगा मोठा होत होता तेव्हा फ्रान्समध्ये हँडबॉलचे दिवस पालटत होते. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिम्पिकचं कांस्य. १९९५ मध्ये आइसलंडमध्ये विश्वविजेतेपद. कुठल्याही सांघिक खेळातलं फ्रान्सचं ते पहिलंच. २००१ मध्ये मायदेशी पुन्हा एक. म्हणजे निकोला माँपेलिए क्लबच्या मुख्य संघात आला तेव्हा त्याच्यासाठी जागा कुणी रिकामी ठेवलेली नव्हती. ती हिसकावून घ्यावी लागणार होती.

२००३ चा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना. तेव्हा तो दोन लढतींचा असायचा. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे पहिली लढत माँपेलिएनं १९-२७ अशी गमावली. आठ गोलांची पिछाडी. या पातळीवर आठ गोल भरून काढणं म्हणजे जवळजवळ बंद झालेलं दार उघडणं. घरच्या मैदानावर माँपेलिए ३१-१९ जिंकलं. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला फ्रेंच क्लब. निकोला तेव्हा १९ वर्षांचा होता.

२००५ मध्ये तो जर्मनीला गेला. उत्तरेचं बंदर कील, जिथे हँडबॉल म्हणजे गावाचा सण. प्रशिक्षक झ्वोनिमिर सेर्दारुशिच, तेही त्याच जुन्या युगोस्लाव्हियातले. जर्मन लीगमध्ये अठरा संघ आणि एका मोसमात चौतीस सामने. त्यावर चषक, त्यावर युरोप, त्यावर राष्ट्रीय संघ. २००७ मध्ये कीलनं लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं एकाच मोसमात घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा माणूस वेगळा का ते कळणार नाही.

हँडबॉलमध्ये खेळाडू कधीही, कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे बरेच संघ चेंडू गेला की गोल मारणाऱ्याला बाकावर बोलावतात आणि बचावातला तगडा माणूस आत सोडतात. चेंडू आला की उलट. गोल मारणारा श्वास घेतो, पाणी पितो. काराबातिच आपल्या भरात असताना बाहेर येत नसे. चाळीस मीटरचं मैदान, या टोकाला गोल, त्या टोकाला भिंतीच्या मधोमध उभा. समोरून येणाऱ्या शंभर किलोंना अंगावर घ्यायचं, मग चेंडू हिसकावून पुन्हा धाव. असं साठ मिनिटं, आणि असं जवळजवळ दोन दशकं. गोल मोजणाऱ्यांच्या यादीत हे दिसत नाही. माझ्या लेखी त्याचा मोठेपणा बचावाच्या त्या टोकालाच आहे.

[दृश्य: कोलोनचं भव्य सभागृह. रिकामं, मग भरलेलं.]

जर्मनीतलं कोलोन शहर. इथल्या एका सभागृहाशी काराबातिचचं विचित्र नातं आहे.

फेब्रुवारी २००७. विश्वचषकाची उपांत्य फेरी, यजमान जर्मनीविरुद्ध. दोन वेळा जादा वेळ. शेवटच्या क्षणांत फ्रान्सचा एक गोल पंचांनी नाकारला आणि जर्मनी ३२-३१ जिंकलं. तो निर्णय फ्रान्समध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. हाच संघ आदल्याच वर्षी स्पेनला ३१-२३ हरवून युरोपविजेता झाला होता.

पुढच्या वर्षी बीजिंग. अंतिम सामन्यात आइसलंडवर २८-२३, पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. या संघाला फ्रेंच लोकांनी नाव दिलं ‘एक्सपर्ट्स’. गोलात थिएरी ओमेये, शेजारी दानिएल नार्सिस, कडेला लुक आबालो आणि मिशेल गिगू, बाकावर प्रशिक्षक क्लोद ओनेस्ता. २००९ मध्ये झाग्रेबला क्रोएशियाला त्यांच्याच घरी हरवून विश्वचषक. ब्रँकोंच्या देशाविरुद्ध, ब्रँकोंचा मुलगा. २०१० मध्ये व्हिएन्नाला पुन्हा क्रोएशिया, पुन्हा विजय, आणि युरोप. ऑलिम्पिक, जग आणि युरोप, तिन्ही मुकुट एकाच वेळी डोक्यावर असलेला तो पहिला पुरुष संघ. २०११ मध्ये जादा वेळेत डेन्मार्कला ३७-३५ हरवून आणखी एक विश्वचषक, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू निकोला.

त्याच वर्षी वडील गेले.

२०१२ हे वर्ष तर एकाच माणसाच्या आयुष्यात मावू नये असं. जानेवारीत युरोपीय स्पर्धेत हा अजिंक्य संघ अकराव्या क्रमांकावर घसरला. ‘यांचं वय झालं’ असं म्हणणारे लगेच पुढे आले. ऑगस्टमध्ये लंडनला त्याच संघानं उपांत्यपूर्व फेरी अगदी शेवटच्या सेकंदाच्या गोलावर काढली आणि अंतिम सामन्यात स्वीडनला २२-२१ असं हरवलं. लागोपाठ दुसरं सुवर्ण.

आणि मग ३० सप्टेंबर.

[दृश्य: पॅरिस. सभागृहाबाहेर पोलिसांच्या गाड्या.]

माँपेलिएचा पॅरिसमध्ये सामना होता. निकोला तोवर परत माँपेलिएकडून खेळत होता, सोबत लुकाही. सामना संपला आणि पोलीस आत शिरले. विषय होता मे महिन्यातला सेसाँ या फ्रेंच क्लबविरुद्धचा सामना. माँपेलिएचं लीग विजेतेपद तेव्हा आधीच पक्कं झालं होतं. निकोला दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळलाही नव्हता. पण मध्यंतराला माँपेलिए पिछाडीवर असेल, यावर अचानक मोठ्या पैजा लागल्या होत्या. पैजा लावणाऱ्यांत खेळाडूंचे जवळचे लोक होते. मध्यंतराला माँपेलिए खरोखर १२-१५ असं मागे होतं.

काराबातिचनं सामना विकल्याचा आरोप कायम नाकारला. न्यायालयानं मात्र पैजांच्या प्रकरणात त्याला दोषी धरलं. २०१५ मध्ये १० हजार युरोंचा दंड झाला. २०१७ मध्ये अपिलात दंडाबरोबर दोन महिन्यांची स्थगित कैदही आली. त्याच्या चाहत्यांना हा भाग गाळावासा वाटतो. आम्ही तो गाळलेला नाही. त्याच्या पदकांइतकाच तोही नोंदीत आहे.

क्लबशी नातं तुटलं. २०१३ मध्ये काही महिने फ्रान्समधल्याच एक्स शहराच्या क्लबकडे, मग बार्सिलोना. आणि इथून एक वेगळा खेळाडू दिसायला लागतो. कीलमधला काराबातिच भिंत फोडायचा. आताचा भिंतीतल्या एका माणसाला स्वतःकडे ओढतो, दुसऱ्यालाही ओढतो, आणि दोघांच्या मधून मनगटानं चेंडू सोडतो तो पिव्होटकडे, म्हणजे गोलाजवळ भिंतीतच घुसून उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूकडे. खूप वेळा तो पिव्होट लुका असतो. हुलकावणी तीच. फक्त आता तिचा गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. २०१४ मध्ये डेन्मार्कला त्यांच्याच देशात ४१-३२ असं हरवून फ्रान्स युरोपविजेता झाला. सर्वोत्तम खेळाडू पुन्हा निकोला.

२०१५ मध्ये कतारमध्ये पुन्हा विश्वचषक जिंकला. आणि त्याच वर्षी कोलोन. बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग, हंगेरीच्या वेस्प्रेम क्लबवर २८-२३. त्याच सभागृहात, जिथे २००७ मध्ये शिट्टी त्याच्या विरुद्ध गेली होती.

मग पॅरिस सेंट-जर्मेन. कोलोननं तिथेही पाठ सोडली नाही. २०१७ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर मॅसेडोनियाचं वार्दार. २३-२३. शेवटच्या सेकंदाला वार्दारचा गोल. पॅरिसकडून ही स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. फ्रेंच लीग मात्र प्रत्येक मोसमात. एकूण कारकिर्दीत तीन देशांत मिळून २२ लीग विजेतेपदं. २००२ पासून धरलं तर एकच वर्ष रिकामं, तेच २०१३.

[दृश्य: रिकामं प्रशिक्षण मैदान.]

ऑक्टोबर २०२० मध्ये गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. वय ३६. दिशा बदलण्यावर ज्याचा सगळा खेळ, त्याचा गुडघा. टोकियो ऑलिम्पिक ठरल्या वेळी झालं असतं तर ते त्याच्या दुखापतीआधीच आटोपलं असतं. ते वर्षभर पुढे गेलं, म्हणून या गुडघ्याला मुदतीत बरं होणं भाग पडलं. तो बरा झाला. प्रशिक्षक होता गीयोम जील, बीजिंगमधला त्याचाच सोबती. अंतिम सामन्यात डेन्मार्क, २५-२३. तिसरं सुवर्ण. तिन्ही वेळा संघात असलेले तिघेच: आबालो, गिगू, काराबातिच.

२०२४. निवृत्तीचं वर्ष त्यानं आधीच जाहीर केलं होतं. जानेवारीत युरोपीय स्पर्धा, जर्मनीत. उपांत्य फेरीत स्वीडन एका गोलानं पुढे, वेळ संपलेली, फ्रान्सला शेवटचा एक फ्री थ्रो. सगळा स्वीडन भिंत करून उभा. एलोहिम प्रांदीनं त्या भिंतीवरून चेंडू जाळ्यात घातला. जादा वेळ, विजय. अंतिम सामना डेन्मार्कशी, तोही जादा वेळेत, ३३-३१. स्थळ कोलोन. काराबातिच ३९ वर्षांचा. पहिल्या युरोपीय विजेतेपदानंतर १८ वर्षांनी चौथं.

इथेच थांबला असता तर चित्रपटासारखं झालं असतं.

[दृश्य: लील. फुटबॉलच्या मैदानावर उभारलेलं हँडबॉलचं मैदान.]

७ ऑगस्ट २०२४. घरचं ऑलिम्पिक, त्याचं सहावं. उपांत्यपूर्व फेरी, समोर जर्मनी. सहा सेकंद उरलेले, फ्रान्स एका गोलानं पुढे, चेंडू फ्रान्सकडे. तो हातात धरून उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं. फ्रान्सच्या दिका मेमचा पास जर्मनीच्या युलियान कोस्टरनं मधेच पकडला, रेनार्स उशिन्सकडे दिला, आणि उशिन्सनं वेळ संपता संपता २९-२९ केलं. जादा वेळेत जर्मनी ३५-३४. उशिन्सचे त्या सामन्यात १४ गोल. २२ वर्षांचा मुलगा.

निकोला काराबातिचचा तो शेवटचा सामना.

नव्या मोसमात पॅरिसचा संघ मैदानात उतरला तेव्हा एका जर्सीच्या पाठीवर काराबातिच हे आडनाव होतंच. ती जर्सी लुकाची होती.