ऑगस्टमधला गुणतक्ता

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचा मोसम सुरू होतो तो पाऊस सरून मैदान वाळल्यावर. मग शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरायला लागतात आणि पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावं दुपारभर कानावर पडत राहतात. मी इचलकरंजीचा. शाळेत असताना वडील मला एसटीनं इथं सामने बघायला आणायचे, आणि परत जाताना हरलेल्या संघाची माणसं बसमध्ये कशी गप्प बसतात ते मी तेव्हापासून पाहत आलो आहे. ती गप्प माणसं मला पुढं फार दूरच्या एका गावात पुन्हा भेटली. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये रॉचडेल या गावी गेलो आणि २०२५ च्या जूनमध्ये परत आलो. आठ वर्षं राहिलो. मँचेस्टरपासून ते अगदी जवळ. कॉमर्स शिकलेल्या श्रोत्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. आमच्या पुस्तकात ते ‘रॉशडेल’ असं छापलेलं होतं. १८४४ साली तिथल्या विणकरांनी आणि कामगारांनी २८ पौंड भांडवल जमवून टोड लेन नावाच्या गल्लीत एक दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, एवढाच माल. त्या दुकानापासून आधुनिक सहकाराची सुरुवात मानतात. तिथं आता संग्रहालय आहे. मी गेल्या गेल्या पहिल्याच रविवारी ते बघून आलो, कारण सूतगिरण्यांच्या आणि सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय आधी बघावंसं वाटणार? फुटबॉल मैदान त्यानंतरच्या शनिवारी.

आता तिथली रचना थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये सर्वांत वर प्रीमियर लीग, जी आपण टीव्हीवर बघतो. तिच्याखाली आणखी तीन विभाग. या चारांत मिळून ९२ क्लब. त्याच्याही खाली पाचवी पायरी, नॅशनल लीग. दर मोसमात खालचे काही वर जातात, वरचे काही खाली येतात. रॉचडेलचा क्लब १९०७ चा. १९७४ मध्ये तो चौथ्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या विभागात घसरला आणि २०१० पर्यंत तिथंच राहिला. सलग ३६ मोसम. घसरला त्या मोसमात ४६ सामन्यांपैकी त्यानं फक्त २ जिंकले होते. १९८० मध्ये तर अगदी तळाला, ९२ वा आला. त्या काळी तळाच्या क्लबांना लीगमध्ये राहू द्यायचं की नाही यावर इतर क्लब मतदान करत. रॉचडेलला २६ मतं पडली आणि बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या आल्ट्रिंगहॅमला २५. एका मतानं क्लब लीगमध्ये राहिला.

हे सगळं मला सांगितलं ते सँडी लेनच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या आजोबांनी. रॉचडेलच्या मैदानात सँडी लेन नावाच्या या टोकाला, गोलच्या मागं, अजून उभं राहून सामना बघायची सोय आहे. जागा कुणाच्या नावावर नसते, पण ज्याची त्याची ठरलेली असते. आजोबा एका सूतगिरणीतून निवृत्त झालेले. मी इचलकरंजीचा, घरी माग होते, असं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो मागाच्या रुंदीचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानचा कापूस आला होता, हे त्यांना आजीकडून ऐकून माहीत होतं. आमची दोस्ती जमली ती अशी सुताच्या धाग्यानं.

त्यांची एक सवय होती. पहिले दहा सामने होईपर्यंत गुणतक्ता बघायचा नाही. मला मात्र ते कधी जमलं नाही. पहिला सामना जिंकला की त्या रात्री मी तक्ता उघडून बघायचो, आणि एका सामन्यानंतर आपण सहावे आहोत यावरच गणितं मांडायला लागायचो. ४६ सामने, दर सामन्याला सरासरी दोन गुण, म्हणजे ९२, म्हणजे वर जाणं नक्की. तिसरा सामना हरला की तोच तक्ता अन्यायानं भरलेला वाटायचा. ऑगस्टमध्ये तिथं हे असं प्रत्येकाच्या मनात चाललेलं असतं. जुलैमध्ये कुठून तरी मोफत आलेला नवा आघाडीपटू, वरच्या क्लबनं उसनवारीवर दिलेला १९ वर्षांचा पोरगा, दुखापतीतून उठलेला कप्तान, या तिघांवर सगळ्या गावाची आशा टांगलेली असते. त्यात खेळाडूंची देवाणघेवाण ऑगस्टच्या अखेरीपर्यंत उघडी. म्हणजे त्या आघाडीपटूनं पहिल्या चार सामन्यांत चार गोल केले, तर आनंदाबरोबर काळजीही वाढते, कारण वरचा कुणी तरी त्याला उचलून नेणार. आपल्या खेळाडूनं चांगलं खेळावं, पण कुणाच्या नजरेत भरेल इतकंही नको, अशी ही ओढाताण. मला वाटतं, मोठ्या क्लबच्या चाहत्याला ही वेदना कधी कळायची नाही.

आणि चिडचिड. तिच्याबद्दलही सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती विचित्र वाटते. मोसमाचे दोनच सामने झालेले असतात आणि मैदानात ‘पुढं खेळा, पुढं’ असा ओरडा सुरू होतो. गोलरक्षकापासून छोटे छोटे पास देत चेंडू वर न्यायची आता पद्धत आहे. त्यात एक पास चुकला की हजारभर माणसांचा एकदम सुस्कारा ऐकू येतो. मैदान लहान, गर्दी दोन-तीन हजारांची, म्हणून खेळाडूला प्रत्येक शब्द ऐकू जातो. मला सुरुवातीला याची लाज वाटायची. अजूनही वाटतं, की विसाव्या वर्षी पहिला सामना खेळणाऱ्या पोराला असं बोलू नये. पण त्या चिडण्यामागं काय आहे, ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं.

रॉचडेलपासून दहा-अकरा किलोमीटरवर बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा, १८९४ पासून लीगमध्ये. एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची जुनी स्पर्धा दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३ मध्ये. २०१९ च्या वसंतात हा संघ वरच्या विभागात, म्हणजे आमच्या विभागात बढती मिळवून आला होता. पण क्लब कर्जात बुडालेला होता. पैसे कुठून येणार, हे दाखवता येईना, म्हणून मोसमाचे पहिले सामने एकामागून एक पुढं ढकलले गेले. आमचे सामने चालू होते आणि तक्त्यात बरीच्या पुढं खेळलेले सामने शून्य, आणि गुण दंडामुळं उणे १२. २७ ऑगस्टच्या रात्री लीगनं त्यांना काढून टाकलं. १२५ वर्षांचं सदस्यत्व संपलं. त्या मोसमात आमच्या विभागात २४ ऐवजी २३ संघ खेळले.

बरी म्हणजे रॉचडेलचा जुना वैरी. त्यांची खोडी काढायची संधी आमचे लोक कधी सोडायचे नाहीत. पण त्यानंतरच्या घरच्या सामन्याला सँडी लेनवर मी कुणालाही हसताना पाहिलं नाही. आजोबांनी त्या दिवशी नियम मोडून तक्ता बघितला. आपण कितवे, हे त्यांना नको होतं. एक ओळ कमी झाल्यावर तो कसा दिसतो, तेवढं त्यांना बघायचं होतं. पुढं बरीच्या लोकांनी कितीतरी पायऱ्या खालून क्लब पुन्हा उभा केला आणि २०२३ मध्ये तो आपल्या जुन्या गिग लेन मैदानावर परतला. पण मधली ती वर्षं! शनिवारी दुपारी तीन वाजता कुठं जायचं, हेच माहीत नसलेली हजारो माणसं.

रॉचडेलवरही तशी वेळ आली. २०२१ मध्ये संघ तिसऱ्या विभागातून चौथ्यात घसरला, आणि त्याच उन्हाळ्यात बाहेरच्या एका कंपनीनं शेअर विकत घेऊन क्लब ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. क्लबनं आणि समर्थकांनी मिळून तो हाणून पाडला आणि समर्थकांच्या ट्रस्टकडं क्लबचा मोठा वाटा आला. ज्या गावात विणकरांनी एकेक पौंड काढून दुकान उघडलं, तिथं हे व्हावं याचं मला फार अप्रूप वाटलं. आपल्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना भागधारक करून कारखाना उभा केला, ती गोष्ट मी आजोबांना पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगितली होती. पण नुसत्या मालकीनं सामने जिंकता येत नाहीत, आणि पगारही भागत नाहीत. २०२३ मध्ये संघ चौथ्या विभागातूनही खाली गेला. १९२१ पासून लीगमध्ये असलेला क्लब १०२ वर्षांनी बाहेर पडला. २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झालं, की २० लाख पौंड उभे राहिले नाहीत तर क्लब बंद करावा लागेल. रॉचडेलमध्येच जन्मलेले उद्योजक सर पीटर ऑग्डन यांचं कुटुंब पुढं आलं आणि क्लब वाचला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमधला पहिला घरचा सामना मला आठवतो. संघ कसा आहे, बचावफळीत कोण खेळणार, यावर कुणी फार बोलत नव्हतं. माणसं फाटकाजवळ रेंगाळत होती. आणि मग सामना सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला नेहमीचाच ओरडा, ‘पुढं खेळा, पुढं!’ तो ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. क्लब जिवंत असल्याची ती खूण होती.

जो थॉम्प्सनचं नाव घेतल्याशिवाय मला थांबता येणार नाही. मी पोहोचलो तेव्हा, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, हा मधल्या फळीतला खेळाडू मैदानावर उतरू शकत नव्हता. दुसऱ्यांदा झालेल्या कर्करोगावरच्या उपचारांतून तो नुकता बाहेर पडत होता. मोसमाची सुरुवात वाईट झाली, हिवाळा त्याहून वाईट गेला. फेब्रुवारीत एफए कपमध्ये प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमला आमच्या मैदानावर २-२ असं रोखलं. स्टीव्ह डेव्हिसनं बरोबरीचा गोल केला तो भरपाईच्या वेळेत. ती रात्र गावानं डोक्यावर घेतली. पण लीगमध्ये आम्ही तळाशी रुतलेलेच. ५ मे २०१८ हा शेवटचा दिवस, समोर चार्लटनचा संघ. थॉम्प्सन बदली खेळाडू म्हणून आला आणि त्यानं गोल केला. सामना १-० जिंकला, आम्ही विभागात टिकलो आणि आमच्याऐवजी शेजारचं ओल्डहॅम खाली गेलं. आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. थॉम्प्सन २०२५ च्या एप्रिलमध्ये वारला. ३६ वर्षांचा होता. ऑगस्टचा तक्ता बघून निराश झालो, की मला तो आठवतो. त्या ऑगस्टमध्ये आम्हाला वाचवणारा माणूस संघाच्या यादीत कुणी धरलाच नव्हता.

यंदाचा मोसम सुरू होऊन काही आठवडे झाले आहेत. २०२४-२५ च्या मोसमात रॉचडेल चौथं आलं होतं. तेव्हा नॅशनल लीगमधून थेट वर जायचा फक्त एक संघ. दुसरी जागा बाद फेरीतून भरायची, ज्यात दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे संघ खेळायचे. हा नियम मला क्रूर वाटतो. यॉर्क ९६ गुण मिळवून दुसरं आलं आणि तिथंच राहिलं. पाचवं आलेलं ओल्डहॅम लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामना जिंकून वर गेलं. आणि रॉचडेल? घरच्या मैदानावर, जादा वेळेत, साउथएंडकडून ३-४ हरलं. तीन गोल करून हरणं काय असतं, ते इथल्या पेठांना वेगळं सांगायला नको. त्या रात्री पायऱ्या उतरताना सगळे गप्प होते, अगदी आमच्या इचलकरंजीच्या बसमधल्यासारखे. फाटकाशी आजोबांनी विचारलं, पुढच्या मोसमाचे पास विकायला कधी काढणार? सामना संपून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी निघालो, तेव्हा माझी पायऱ्यांवरची जागा त्यांनी आपल्या नातवाला दिली. नऊ वर्षांचा आहे. दर शनिवारी तो मला मोबाइलवर फोटो पाठवतो. त्यात आजोबांची टोपी, गोलची जाळी आणि मागं पावसाळी आभाळ असतं. गेल्या शनिवारी त्यानं तक्त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आजोबांना सांगू नका.

मी नाही सांगितलं. आज पुन्हा शनिवार आहे. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. हे भाषण संपवून मला घरी पोहोचायला तेवढा वेळ आहे.

नमस्कार.