स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही

पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या मिनी आणि मेनफ्रेम संगणकांची सूची कशी करावी'. सूची म्हटल्यावरही इतके लोक आलात, म्हणजे एकतर तुमच्याकडे असं एखादं धूड पडलेलं आहे, किंवा ते कधी हलवताय म्हणून घरचे मागे लागलेत. दोघांचंही स्वागत.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी भरकटणार हे मलाही माहीत आहे आणि अध्यक्षांनाही. पीडीपी-११/३४ सारखा कपाटाएवढा मिनी म्हणा, आयबीएमच्या सिस्टीम/३६० सारखा मोठा मेनफ्रेम म्हणा, आपण त्यांना एक वस्तू समजतो आणि वहीत एक ओळ लिहून मोकळे होतो. खरं तर ती एक मांडणी असते, आणि तीही एका विशिष्ट दिवसाची. कोणत्या खाचेत कोणतं कार्ड, म्हणजे चिप्स लावलेली पाटी, कोणती तार काढलेली, कोणती केबल कुठून कुठे गेलेली. ही मांडणी कागदावर उतरवायच्या आत ज्यानं यंत्राला हात घातला, त्यानं पुरावा पुसला. मग त्याची सोल्डरिंग कितीही सुबक असो.

एवढं कडक बोलायला मी कुठे शिकलो, ते आता सांगतो.

आमच्या गटाकडे एक ११/३४ आलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं, म्हणजे आपल्या भाषेत डेकचं, १९७६ चं मॉडेल. ज्यांच्याकडून आलं ते गृहस्थ भलतेच टापटिपीचे. नाव सांगत नाही. माणूस सज्जन आहे आणि हे भाषण छापून आलं तर वाचेलही. यंत्र देण्याआधी त्यांनी त्यातली कार्डं काढली, साबणाच्या पाण्यानं धुतली, वाळवली. इथवर माझी तक्रार नाही. कार्डं धुता येतात, नीट वाळवली तर त्यांना काही होत नाही. पुढे त्यांनी ती परत बसवली. कशी बसवली? नंबरवारीनं! डेकच्या कार्डाच्या मुठीवर नंबर असतो. एम-७७६२, मग एम-७८५६, लहान आधी, मोठा नंतर. प्रोसेसरची दोन कार्डं सुदैवानं त्यांनी जागची हलवली नव्हती, नाहीतर आज दुसरीच गोष्ट सांगावी लागली असती. शिवाय रॅकच्या दाराला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, त्यावर पेन्सिलीनं खाचवार तक्ता. तो 'घाण दिसत होता' म्हणून त्यांनी खरवडून काढला. दारावर डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता.

आम्ही यंत्र चालू केलं. थांबा, 'चालू केलं' म्हटल्याबरोबर तिसऱ्या रांगेत हात वर झालाच. हो, वेरिएक, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक भाषणात हा प्रश्न येतो, तेव्हा आत्ताच संपवून टाकू. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर विरतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळती करंट वाढतो, कपॅसिटर तापतो आणि कधीकधी आवाज करून निरोप घेतो. म्हणून लोक वेरिएक लावून हळूहळू व्होल्टेज चढवतात. साधा ट्रान्सफॉर्मरवाला वीजपुरवठा असेल तर हे एक वेळ चालून जातं. स्विचिंग पुरवठ्याला अर्धपोटी ठेवलं तर तो उलट जास्त करंट ओढायला बघतो, त्याच्यावर हा प्रयोग करू नका. माझ्या मते कपॅसिटर सुटा करावा, मालिकेत रेझिस्टर घालून बाहेरून सावकाश चढवावा, गळती मोजावी. बरा असेल तर परत लावावा. सगळे कपॅसिटर सरसकट उपटून नवे घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. दंडगोलासारखे ते मोठे जुने कपॅसिटर अनेकदा ठणठणीत निघतात.

आणि पुरवठा यंत्राला जोडायच्या आधी नकली भारावर, म्हणजे कार्डांऐवजी रेझिस्टर लावून, तपासा. कार्डांवरच्या टीटीएल जातीच्या चिपची कमाल सहनशक्ती ७ व्होल्ट. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर त्याच्या मागचं सगळं कच्चं व्होल्टेज कार्डांवर धावून येतं. त्यासाठी क्रोबार नावाचं संरक्षण असतं, ते लाइनच शॉर्ट करून टाकतं. पण ते संरक्षणही तितकंच म्हातारं झालेलं असतं.

तर आमच्याकडे व्होल्टेज सगळी बरोबर होती. पंखे फिरत होते. यंत्र मात्र ठार गप्प. टर्मिनलवर एक अक्षर नाही. कार्डं बदलून पाहिली, सीरियल कार्डावर संशय घेतला, टर्मिनलवर घेतला, केबलवर घेतला, एकमेकांवरही घेतला. अशा वेळी गटातले संबंध थोडे ताणले जातात, ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे.

युनिबस म्हणजे ११/३४ मधल्या सगळ्या कार्डांची सामाईक वाट. तिची गंमत अशी की डिस्कच्या कार्डाला प्रोसेसरला वळसा घालून थेट मेमरीशी बोलायचं असतं, आणि त्यासाठी बस वापरायची परवानगी लागते. ही परवानगी शाळेत बाकावरून बाकावर सरकणाऱ्या चिठ्ठीसारखी एका खाचेतून पुढच्या खाचेत जाते. ज्या खाचेत परवानगी मागणारं कार्ड नाही, तिथे बॅकप्लेनवर, म्हणजे खाचा जिच्यावर बसवलेल्या असतात त्या मागच्या पाटीवर, सीए-१ आणि सीबी-१ या दोन पिनांमध्ये एक बारीक तार असते. त्या तारेवरून चिठ्ठी पुढे सरकते. डिस्कचं कार्ड बसवताना ती तार काढायची, म्हणजे चिठ्ठी कार्डातून जाते. आता बघा काय झालं. नंबरवारीच्या नादात डिस्कचं एम-७७६२ हललं. त्याच्या जुन्या खाचेत आलं सीरियल कार्ड. त्या खाचेतली तार कधीच काढलेली, आणि सीरियल कार्ड काही ही चिठ्ठी पुढे देत नाही. साखळी तुटली.

साखळी तुटली तर फक्त डिस्क बंद पडावी, सगळं यंत्र का? तर बसच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर असतो, एम-९३०२. त्याच्याकडे एक जादा काम आहे. एखादी परवानगी कोणीच न उचलता त्याच्यापर्यंत आली, तर पोच त्यानं द्यायची, म्हणजे प्रोसेसर अडकून पडत नाही. आणि लोंबकळती, तुटलेली ओळ त्याला 'परवानगी आली' अशीच दिसते! मग तो पोच देत सुटतो, थांबतच नाही, आणि प्रोसेसरला वाटतं बस दुसऱ्या कोणाकडे आहे. इतका आज्ञाधारक भाग सबंध यंत्रात दुसरा नाही, आणि त्यानंच सगळं ठप्प केलं होतं.

सापडलं कसं, ते महत्त्वाचं. आमच्यातल्या एकानं कार्डांचा नाद सोडला, यंत्राच्या मागे बसून बॅटरी मारली आणि पिनांवरच्या तारा एकेक बघत गेला. सगळ्या खाचांत तार आहे, एकीत नाही. म्हणजे डिस्कचं कार्ड इथे होतं. दारावरचा कागद गेला तरी बॅकप्लेननं सांगितलं. कार्डं हलवली, बटण दाबलं आणि टर्मिनलवर अष्टमान पद्धतीतल्या चार संख्या उमटल्या. त्या चार संख्या बघायला आम्ही ज्या गर्दीनं वाकलो, तितकी गर्दी मी एखाद्या बाळाभोवतीही पाहिलेली नाही.

चिप्सवरच्या आकड्यांबद्दल सांगायचंच राहिलं असतं. त्यांवर चार आकडी तारीख असते: दोन आकडे वर्षाचे, दोन आठवड्याचे. ७४३२ म्हणजे १९७४ चा ३२ वा आठवडा. आता ७४३२ हा ऑर गेट नावाच्या एका साध्या चिपच्या प्रकाराचाही नंबर आहे. त्यामुळे एखाद्या हौशी सूचीत तुम्हाला १९७४ मध्ये बनलेल्या चिप्सचा महापूर आलेला दिसेल. आठवडे जास्तीत जास्त त्रेपन्न, तेव्हा ७४७४ (हाही चिपच्या प्रकाराचाच नंबर) बघून तरी शंका यायला हवी! पण तारीख नीट वाचली तर ती फार बोलते. कार्डावरच्या बहुतेक चिप्स १९७६ च्या आणि एकच १९८३ ची, म्हणजे तिथे दुरुस्ती झाली आहे. सोल्डरिंग न बघताही कळतं.

काय म्हणता? दहा मिनिटं? बरं.

मेनफ्रेमचं दुःख वेगळं आहे. आयबीएमची यंत्रं बहुतेक भाड्यानं दिलेली असायची. भाडं संपलं की यंत्र परत जायचं, पुढे मोडीत. सोन्यासाठी कार्डं वितळवणारे आहेतच. त्यांच्याबद्दल मी बोलायला लागलो तर दहा मिनिटं तिथेच जातील. जे यंत्र वाचतं तेही केबलींशिवाय हाती येतं. सिस्टीम/३६० ची कपाटं एकमेकांना जोडणाऱ्या बस आणि टॅग केबली जाडजूड, जड, जमिनीखालून गेलेल्या. हलवणारे लोक कपाटं नेतात आणि केबली कापून टाकतात. केबलींशिवाय ती कपाटंच.

आता सूची. भराभर सांगतो.

सूचीत क्रमांक यंत्राला देऊ नका, प्रत्येक सुट्या भागाला द्या. कार्ड, केबल, पुरवठा, डिस्क पॅक, प्रत्येकाला वेगळा. यंत्र ही वेगळी नोंद, तिच्यात तारीख आणि त्या तारखेला कोणते भाग कुठे होते ते. उद्या तुम्ही कार्ड बदललंत तर जुनी नोंद खोडायची नाही, नव्या तारखेची नवी मांडणी लिहायची. क्रमांक चिकटवू नका, डिंक पुढे त्रास देतो. सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. काहीही सोडवायच्या आत फोटो काढा, केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा, बॅकप्लेनच्या तारा मागून टिपा. कार्डावरचं आवृत्तीचं अक्षर लिहा आणि मागच्या बाजूला हातानं जोडलेल्या तारा मोजा. त्या खराबी नसतात, कंपनीनं पुढे सुचवलेले बदल असतात. बिटसेव्हर्स या जुन्या संगणकांच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळावरून उतरवलेली आकृती तुमच्या आवृत्तीची नसेल, तर तुम्ही भलत्याच कार्डाची दुरुस्ती करत बसाल. काढलेला कपॅसिटर फेकू नका, पिशवीत घालून क्रमांक द्या.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, सिम-एच आहे, जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, अशा एम्युलेटरवर सगळं चालतं. चालतं, मीही रोज वापरतो. पण एम्युलेटर आदर्श ११/३४ चालवतो. तुमच्याकडचं ११/३४ कोणी कशासाठी वापरलं आणि त्यात काय काय बदललं, हे त्याला कुठून कळणार?

दोन उदाहरणं. हारवेल डेकाट्रॉन हा ब्रिटिश संगणक, १९५१ चा, अडीच टनांचा, एक गुणाकार करायला पाच ते दहा सेकंद घेणारा. पुढे तो वॉल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजात शिकवण्यासाठी १९७३ पर्यंत चालला, मग बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेला, १९९७ मध्ये सुटा करून कोठारात पडला. सापडला कसा? कोठारातल्या सामानाच्या एका फोटोत त्याचं कंट्रोल पॅनल दिसलं आणि ते ओळखणारा माणूस तो फोटो बघत होता. २०१२ मध्ये तो ब्लेचली पार्कच्या आवारातल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये पुन्हा चालू झाला. फोटो नसता तर? दुसरं उदाहरण सिॲटलच्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालयाचं. पॉल ॲलन यांनी ते उभं केलं, २०१८ मध्ये ॲलन वारले, २०२० मध्ये बंद झालेली दारं पुन्हा उघडली नाहीत आणि २०२४ मध्ये तिथल्या वस्तू लिलावात निघाल्या. तिथे लोक चालत्या पीडीपी-१० या डेकच्याच मोठ्या संगणकावर बसून काम करू शकत होते. एवढ्या पैशाच्या संग्रहाची ही गत, तर आपली कपाटं कोणाच्या हाती जातील कोण जाणे. ज्या भागाबरोबर त्याची नोंद जाईल, तो नव्या मालकाला उपयोगी पडेल.

अध्यक्ष उभे राहिलेत. शेवटचा मुद्दा कोअर मेमरीचा. ही जुनी मेमरी म्हणजे फेराइटची बारीक चुंबकीय कडी. त्या कड्यांवरचा मजकूर वीज गेली तरी राहतो, आणि यंत्र बंद झालं त्या दिवशीचा प्रोग्रॅम त्यात अजून असू शकतो. तेव्हा कोअर असलेलं यंत्र हाती आलं, तर त्यात पहिल्याच दिवशी मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम घालू नका. तो सगळ्या कड्यांवर लिहीत सुटतो. पुरवठा तपासून झाला की आधी कन्सोलवरून एकेक पत्ता वाचा, आकडे वहीत उतरवा, त्याखाली तारीख घाला. तपासणी नंतर. हजारो पत्ते हातानं वाचायचे म्हणजे कंटाळा येणार, त्याला इलाज नाही. दोघांनी करा, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं.