शेठ, लिहून द्या

नमस्कार श्रोतेहो. ऑटिझम म्हटलं की आपल्याला लहान मूलच आठवतं. पण ते मूल मोठं होतं, बी.कॉम. होतं, डबा घेऊन लोकल पकडतं. आज त्या मोठ्या माणसाबद्दल बोलू, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तुमच्याबद्दलही.

मशीद बंदरच्या एका मसाल्याच्या पेढीतला किस्सा आहे. नावं सोडून देते. पंचविशीचा एक ऑटिस्टिक मुलगा तिथे खरेदीचा हिशेब बघतो. जीएसटी भरणाऱ्यांना ठाऊक आहे, 14 तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांचा तक्ता, 20 पर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र भरायचं, आणि मधल्या दिवसांत आपली खरेदी जुळवून घ्यायची. पुरवठादाराने बिल चढवलं नसेल तर तेवढं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. तर 16 तारखेला शेठ निघता निघता म्हणाले, "टू-बी जरा बघून ठेव रे." मुलाने बघितलं. एकूण एक बिल बघितलं. प्रिंट फाइलला लावली आणि फाइल शेठच्या कपाटात ठेवली.

20 तारखेला दुपारी शेठ विचारतात, "यादी कुठाय?"

"कसली यादी?"

"अरे, बघून ठेव म्हणालो होतो ना!"

"बघितलं. ठेवलं. वरून दुसरा कप्पा."

सगळी पेढी हसली. शेठना वाटलं, पोरगा उलट बोलतोय. त्यांचा आवाज चढला, तसा मुलगा कानांवर हात दाबून उठला आणि जिन्यात जाऊन बसला. हिशेबाच्या जुन्या बाई मागोमाग गेल्या, चार पायऱ्या सोडून बसल्या. पंधरा मिनिटं एक शब्द नाही. "काय झालं, पाणी हवं का, घरी फोन करू का", काही नाही. अशा वेळी प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज, हे त्यांना कसं उमगलं कोण जाणे. मुलगा आपणहून म्हणाला, "न जुळलेल्या बिलांपुढे पेन्सिलीने फुली आहे." फाइल उघडली. फुल्या होत्या. धण्याच्या एका बिलावर आपला जीएसटी क्रमांक चुकलाय, हेही बाजूला लिहिलेलं. काम झालंच होतं. यादी कोणी मागितलीच नव्हती.

पुढच्या महिन्यात बाईंनी शेठकडून चिठ्ठी लिहून घेतली. "टू-बी खरेदी रजिस्टरशी जुळव. न जुळणाऱ्या बिलांची यादी एक्सेलमध्ये कर: पुरवठादार, बिल नंबर, तारीख, फरक. 17 तारखेला चार वाजेपर्यंत मेल कर. बिल दिसलं नाही तर पुरवठादाराला फोन करू नकोस, बाईंना विचार."

छान चाललं होतं. तर 17 तारखेला तीन वाजता शेठ गल्ल्यावरून ओरडले, "ते राहू दे, आधी लेबलं बघ!" मुलगा थांबला तो थांबलाच. चिठ्ठी एक सांगते, शेठ दुसरं. मग नियम ठरला: बदल असेल तर त्याच कागदावर जुनी ओळ खोडायची आणि नवी वेळ घालायची.

पुन्हा सांगते, लिहून घ्या. काय करायचं, कोणत्या स्वरूपात, कधीपर्यंत, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. चार गोष्टी, लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, व्हॉइस नोट नको. माझं विचाराल तर व्हॉइस नोटवर कचेऱ्यांत बंदीच आणावी. दीड मिनिटांपैकी एक मिनिट पंखाच ऐकू येतो.

बाकीचं भरभर सांगते. जागा देताना पाठीशी भिंत असलेली द्या; पेढीची येजा, झेरॉक्स मशीन आणि लुकलुकणारी ट्यूबलाइट यांपासून लांब. कोणाला आवाजाचा त्रास होतो, कोणाला रूम फ्रेशनरचा, कोणाला दोन्हींचा नाही, म्हणून त्यालाच विचारा. बोलताना तो डोळ्यांत बघत नसेल तर दुर्लक्ष समजू नका. बऱ्याच जणांना तसं न बघताच नीट ऐकू येतं. गणपतीची आरती, वाढदिवसाचा केक, याची वेळ आदल्या दिवशी सांगा आणि आलं नाही तरी चालेल हेही सांगा. तसा तो क्रीमचा केक न आल्याने कोणाचंच काही बिघडत नाही. घरच्यांनो, प्रवास सोपा व्हावा म्हणून कामावर साडेदहाची वेळ मागून बघा. ऐनवेळी फलाट बदलला तर काय, हे घरीच ठरलेलं हवं: धावायचं नाही, पुढची गाडी घ्यायची, आणि "गाडी चुकली" हा तयार मेसेज पाठवायचा.

आणि शेठ लोकहो, मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" विचारून काही कळत नाही. प्रश्न दोन दिवस आधी पाठवा, किंवा वीस बिलं समोर ठेवून जुळवायला सांगा.

आता कायदा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण करावं लागतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. कामावर लागलात की पहिल्या आठवड्यात त्या अधिकाऱ्याचं नाव विचारा. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. पण शेठकडे चिठ्ठी मागायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.