रात्रीचे बारा वीस: लिस्बन, १९७४

(रेडिओ स्टुडिओ, फिरती तबकडी)
२४ एप्रिल १९७४, रात्रीचे १०:५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथल्या एका रेडिओ केंद्रावर पाउलो द कार्व्हालोचं प्रेमगीत लागतं. नुकतंच युरोव्हिजन स्पर्धेत गायलेलं, सेन्सॉरला खटकेल असं त्यात काही नाही. देशातली हुकूमशाही उलथवायला निघालेल्या, बराकीत जाग्या लष्करी कॅप्टनांना मात्र इशारा मिळाला: तयार राहा. या केंद्राचा आवाका लिस्बनपुरताच, म्हणून दुसरी खूण देशभर ऐकू जाणारी हवी. १२:२० ला रेडिओ रेनासेन्सावर झेका अफोन्सोचं ‘ग्रांदोला’ हे गाणं वाजलं. आता माघार नाही.

(जुना नकाशा, काल्दासचा रस्ता)
एवढी तजवीज झाली ती १६ मार्चच्या फसलेल्या उठावामुळे. त्या दिवशी काल्दास दा राइन्याची रेजिमेंट एकटीच राजधानीकडे निघाली, बाकीच्या तुकड्या हलल्याच नाहीत. तिला वाटेतूनच परतावं लागलं, सुमारे २०० जणांना अटक झाली. मग मेजर ओतेलो साराइवा द कार्व्हालो यांनी नवा आराखडा केला: रेडिओ, टीव्ही, विमानतळ, लष्करी मुख्यालय, सगळं एकाच रात्री ताब्यात. सूत्रं पोंतिन्याच्या बराकीतून हलणार.

(आफ्रिकेतले गस्तीपथक)
हे कॅप्टन चिडले ते मुळात बढतीवरून, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. जुलै १९७३ च्या हुकुमाने सक्तीच्या भरतीतले अधिकारी छोटा अभ्यासक्रम करून कायम सेवेत येणार होते, ज्येष्ठतेसकट. अकादमीतून आलेले मागे पडणार होते. हुकूम काढावा लागला, कारण आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत, म्हणजे अंगोलात १९६१, गिनीत (पुढे गिनी-बिसाऊ) १९६३ आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून चाललेल्या युद्धांना अधिकारी पुरत नव्हते. नोकरीची तक्रार युद्धापर्यंत पोचली, युद्धावरून राजवटीपर्यंत.

(चिलखती गाड्या, नदीकाठचा चौक)
कॅप्टन साल्गेइरो माइया सान्तारेमच्या घोडदळ शाळेतून सुमारे २४० जण घेऊन निघाले आणि पहाटे तेरेइरो दो पासो चौकात उतरले. समोर सरकारचे एम-४७ रणगाडे. ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला. तोफेवरचा जवान आत शिरला आणि झाकण लावून बसला. नदीतल्या युद्धनौकेनेही तोफ डागली नाही. रेडिओवरून लोकांना सारखं सांगत होते, घरातच थांबा. लोकांनी ते ऐकलं नाही.

(बंदुकीच्या नळीत कार्नेशनचं फूल. निवेदन थांबते.)

पंतप्रधान मार्सेलो काएतानो कार्मो चौकातल्या गार्ड या निमलष्करी दलाच्या मुख्यालयात अडकले होते. माइयांनी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर गोळ्या झाडायला लावल्या. सत्ता रस्त्यावर पडू नये, म्हणून काएतानोंना ती एखाद्या जनरलच्या हाती द्यायची होती. जनरल स्पिनोला आले. काएतानोंना शायमीत चिलखती गाडीतून बाहेर नेलं. त्याच संध्याकाळी गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या. चौघे ठार.

(झेंडे उतरताना)
पुढे सगळं भराभर झालं. सप्टेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने गिनी-बिसाऊचं स्वातंत्र्य मान्य केलं, १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला सुटले. अंगोलात लगेच यादवी पेटली, दक्षिण आफ्रिकेचं आणि क्यूबाचं सैन्य उतरलं. मोझांबिकने मार्च १९७६ मध्ये ऱ्होडेशियाची (आजचा झिंबाब्वे) सीमा बंद केली. शेजारच्या स्पेनमध्ये तरुण अधिकाऱ्यांनी गुप्त संघटना बांधली. हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने १९७५ मध्ये त्यांना पकडलं.

(नवी दिल्ली, करारावर सह्या)
३१ डिसेंबर १९७४. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारियो सोआरेस. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे, हे लिस्बनने कागदावर मान्य केलं.