पैसा किड्याचं घर

नमस्कार श्रोतेहो. बोट लावलं की गुंडाळी होऊन नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून त्याचं नाव पैसा. कुणी त्याला वाणी म्हणतं, कुणी मिलिपीड. आज तो पाळायचा असेल तर त्याला घर कसं हवं, ते बोलू.

पेटी त्याच्या लांबीच्या निदान दुप्पट हवी, झाकण घट्ट, हवेला बारीक भोकं. पण खरं घर म्हणजे माती. ती त्याच्या लांबीइतकी तरी खोल हवी. पैसा दहा सेंटिमीटरचा असेल, तर माती दहा सेंटिमीटर, जास्त असली तर उत्तमच. त्यात कुजका पाचोळा हवा आणि बोटांनी चुरडेल इतकं कुजलेलं लाकूड. तेच त्याचं अंथरूण, तेच जेवण. नुसता काथ्याचा भुसा भरलात तर तो उपाशी राहील. औषध फवारलेल्या झाडाखालचा पाला मात्र नको. पाचोळा झाडून पेटवून देतात ना, ते मला बघवत नाही. झाडानं मातीला परत दिलेलं अन्न आहे ते, त्याचा धूर कसला करायचा? असो.

माती खोल का, ते सांगतो. आमच्याकडचा मोठा पैसा एकदा दिसेनासा झाला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. वर ठेवलेली काकडीची चकती तशीच सुकत होती. मी म्हटलं, मेला असणार, माती उपसून बघू. मुलगी म्हणाली, "बाबा, नको ना, तो आत आहे." मी ऐकलं नाही. चमचा घेऊन एका कोपऱ्यातून उकरायला लागलो. तेवढ्यात तिनं पेटी उजेडाकडे वळवली आणि ओरडली, "थांबा!"

तळाशी, काचेला लागून, लिंबाएवढी पोकळी होती. आतून लिंपल्यासारखी गुळगुळीत. आणि त्यात आमचा पैसा गुंडाळी करून पडलेला, पण काळा नव्हे, दुधासारखा फिकट. शेजारी जुनी कात. माझा चमचा तिथून दोन बोटांवर होता. कात टाकताना त्याचं अंग इतकं मऊ असतं, की ती पोकळी मोडली तर तो बहुधा जगत नाही. मी चमचा ठेवून दिला. मुलीनं काचेवर बाहेरून काळा कागद चिकटवला आणि आम्ही वाट पाहत राहिलो. अकराव्या दिवशी रात्री तो वर आला, काळाभोर, चकाकत. कागद काढून पाहिलं तर पोकळीत कात नव्हती. ती त्यानं खाऊन टाकली होती, कारण त्यातला चुना त्याला नव्या कवचासाठी लागतो.

म्हणून पुन्हा सांगतो, पैसा दिसला नाही तर उकरू नका. उकरू नका.

वेळ थोडा उरलाय. माती ओली ठेवा, पण मूठ दाबल्यावर पाणी गळायला नको. अंड्याच्या टरफलाची पूड वरून भुरभुरा. आणि पैशाला हात लावलात तर साबणानं धुवा. त्याच्या अंगातून येणारा द्रव डोळ्यांना फार झोंबतो, मुलांना हे आधी सांगा. नमस्कार.