माळ्यावरचे तवे

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या, म्हणजे काळे तवे, जमवणारा एखादा माणूस तुमच्या ओळखीत आहे का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल. पण तशी माणसं सांगलीत असतात, नागपुरात असतात, पणजीत असतात, समुद्रापार न्यू जर्सीतसुद्धा असतात. आणि ती एकमेकांना चांगली ओळखून असतात. रात्री अकराला कुणीतरी मोबाइलवरच्या गटात लेबलाचा फोटो टाकतो. पाच मिनिटांत उत्तर हजर: 'हे लेबल नंतरचं आहे, गाणं आधीचं. लेबलाच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचा.' मॅट्रिक्स नंबर म्हणजे त्या मुद्रणाचा मूळ क्रमांक. फोटो टाकणारा खूश! शेजारच्या खोलीत झोपलेल्या त्याच्या बायकोला मात्र त्या तबकडीवर कोण गातंय हेही ठाऊक नसतं.

लोक म्हणतात, ही मंडळी माणूसघाणी. मला ते पटत नाही. त्यांच्याशी बाहेरचा माणूस काय बोलतो, ते ऐका. पहिला प्रश्न, 'याचे किती येतील हो?' आणि दुसरा, 'हे तर यूट्यूबवर आहे की!' प्रश्न वाईट नाहीत, पण तेच ते विसाव्यांदा ऐकल्यावर माणूस गप्प होतो.

कारण खरं उत्तर लांबलचक आहे. 1902 साली कोलकात्यात गौहर जाननं गाणं मुद्रित केलं, तेव्हा शेवटी तिनं इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतून. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळायला हवं होतं ना! नेटवर गाणं चढवताना कुणी ती आरोळी छाटली, तर संग्राहकाच्या जिवाला लागतं. शिवाय त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमके 78 फेरे घेणाऱ्या नव्हत्या. वेग चुकला की पट्टी चढते किंवा उतरते, आणि ओळखीचा गळा भलत्याच माणसाचा वाटायला लागतो. हे सगळं जावयाला जेवता जेवता कसं सांगणार? गटात ते सांगावंच लागत नाही. तिथला ओढा खरा हा आहे.

ही मंडळी आपसातच राहतात, त्याचं दुसरं कारण मात्र मला आवडत नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, इथं काय मिळालं आणि कुणाकडे मिळालं हे कुणी सहजासहजी सांगत नाही. सांगितलं की दुसऱ्या दिवशी भाव वाढलेला! नवखा पोरगा काही विचारायला आला, तर 'आधी अभ्यास करून या' असं त्याला सुनावलं जातं. तो परत येत नाही. मग हेच लोक म्हणतात, तरुण पिढीला गोडी नाही.

1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. तिनं श्रवणाचे कार्यक्रम केले, नियतकालिक काढलं. म्हणजे दार उघडता येतं. पण असली कामं करायला खुर्च्या मांडणारा, पत्रं टाकणारा कुणीतरी लागतो, आणि छंदिष्ट माणसाला खुर्च्या मांडण्यापेक्षा तबकडी पुसणं प्रिय!

केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हे आपण अभिमानानं सांगतो. यानासाठी गाणी निवडणाऱ्यांना ती ध्वनिमुद्रिका मिळता मिळत नव्हती. शेवटी सापडली न्यूयॉर्कमध्ये, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात. गोव्याच्या केरी गावची ही बाई चांदण्यांत पोचली, ती कुणीतरी ते खोकं टाकून दिलं नव्हतं म्हणून.

आपल्याकडे खोकी टाकली जातात. संग्राहक गेला की महिनाभरात खोली मोकळी करायची असते. मुलाला वाटतं, फुटके-तुटके तवे आहेत, ठेवायचे कुठे? गटात श्रद्धांजलीचे हात जोडले जातात, चार दिवसांनी कुणीतरी दबकत विचारतो, 'संग्रहाचं काय झालं?' तोवर टेम्पो येऊन गेलेला असतो. मुलाला दोष कसा द्यायचा? त्याला आयुष्यभरात कुणी एक बाजूसुद्धा शेजारी बसवून ऐकवलेली नसते. ती असते जेमतेम तीन मिनिटांची!

तेव्हा गटातले लोक आपसात रोज बोलतात ते मी तुम्हाला सांगून टाकते. तुमच्या माळ्यावर तवे असतील, तर ते आडवे रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. स्पिरिटनं पुसू नका. तबकडी लाखेची आहे, लाख त्यात विरघळते. मऊ फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, लेबल सोडून हलकेच फिरवा आणि लगेच कोरडं करा. ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी सुई एकाच बाजूपुरती, दुसऱ्या बाजूला नवी. आणि लेबलवरचं नाव नि क्रमांक एका वहीत उतरवा. ती वही तव्यांजवळच ठेवा, आणि कुठे ठेवली आहे ते घरातल्या एकाला तरी सांगा.