पहिल्या उडीनंतर

नमस्कार श्रोतेहो. विमानातून पॅराशूटने टँडम उडी, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेतलेली उडी, मारून आलात, व्हिडिओ घरादाराला दाखवून झाला, आता एकट्याने उडायचंय? मग एक गोष्ट लक्षात ठेवा: हँडल हाताला लागलं पाहिजे.

पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये पटायाला नऊवारी नेसून उडी मारली. उंची तेरा हजार फूट, साडी सव्वाआठ मीटर. लोक विचारतात, पदर उडाला नाही का? अहो, प्रश्न पदराचा नाही, हँडलचा! मुख्य पॅराशूटचं हँडल पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला असतं. डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपायचं. छातीवर आणखी दोन असतात: उजवं ओढलं की बिघडलेलं पॅराशूट सुटतं, डावं ओढलं की राखीव उघडतं. क्रमही तोच, आधी उजवं, मग डावं. आता ताशी 190 किलोमीटरच्या वाऱ्यात सैल कापड यांपैकी एकावर जरी आलं, तरी हातात हँडलऐवजी साडी! आणि चाचपडण्यात गेलेल्या प्रत्येक सेकंदाला पावणेदोनशे फूट खर्ची. म्हणून आधी साडी, तीही पिना आणि चिकटपट्टीने घट्ट बसवलेली, आणि पॅराशूटचे पट्टे त्यावरून. मांड्यांचे पट्टे पायांमधून जातात. काष्टा होता म्हणून जमलं, सहावारीत जमलं नसतं. (हल्ली लग्नात चेन लावलेली शिवलेली नऊवारी दिसते. तिला नऊवारी म्हणवत नाही, पण असो.)

हे त्यांना शोभलं, कारण गाठीशी शेकडो उड्या होत्या. तुम्ही साधा जम्पसूट घाला. हेल्मेटवर कॅमेराही दोनशे उड्यांआधी नको.

आता शिकायचं कसं? अमेरिकी पद्धतीत दिवसभर जमिनीवर वर्ग, मग दोन्ही बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर धरून पहिली उडी. साडेपाच हजार फुटांवर हँडल तुम्हीच ओढायचं. निदान पंचवीस उड्या आणि परीक्षा झाली की ‘ए’, म्हणजे पहिल्या पायरीचं लायसन्स.

लगेच छोटं, वेगवान पॅराशूट घेऊ नका. सामानासकट वजन पौंडात मोजा. पॅराशूट निदान तितके चौरस फूट हवं. 83 किलो म्हणजे 183 पौंड, त्याला 190 चालेल, 150 नाही. पाय मोडतात ते बहुतेक उतरताना, अनेकदा जमिनीजवळ घेतलेल्या तीव्र वळणाने.

आणि लायसन्स नवं असताना साठ दिवस खंड पडला, तर पुढची उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली. विमानात चढण्याआधी तिन्ही हँडल पुन्हा चाचपा: पाठीमागचं, उजवं, डावं.